हरकत

ज्या मीटिंगला मी नव्हते
त्या मीटिंगमध्ये मला सेक्रेटरी केलं.
हरकत नाही, म्हटलं.
जन्मभर तेच म्हणत आलेय:
दूध नासकं निघालं तरी,
बदली उमरग्याला झाली तरी,
माझी खोली न विचारता नणंदेला दिली तरी.

मग धायरीच्या आमच्या गल्लीत
सुबाभळीच्या बुंध्याला कुणीतरी नोटीस ठोकली.
सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा तमुक,
पेट्रोल-डिझेल विक्री केंद्र, सीएनजीसह.
कुणाची हरकत असल्यास
तीस दिवसांत लेखी कळवावी.
तारीख पाहिली.
त्यातले एकवीस सुबाभळीनंच वाचले होते.

त्या रिकाम्या प्लॉटवर आमचा हक्क कसलाच नव्हता.
तिथे आम्ही गाद्यांना ऊन दाखवलं,
शिरोळकर साठीत गाडी मागे घ्यायला शिकले,
आणि कोपऱ्यात, कबूल करते,
नारळाच्या शेंड्यांपासून फुटक्या कमोडपर्यंत
सगळं आमचंच आहे.

अर्जात अंतर लिहायचं होतं.
मोजायला टेप कुणाकडेच नाही.
तळमजल्यावरच्या खैरुन्निसा टेलरनं
गळ्यातली काढून दिली, साठ इंची.
ती भिंतीलगत आडवी घालायची,
खडूनं खूण करायची, उचलायची, पुन्हा घालायची;
आम्ही तिघी ओणव्यानं सरकत गेलो
टाकी पुरणार तिथून
माईणकरांच्या नातीच्या पाळण्याच्या खिडकीपर्यंत.
छाती, कंबर, उंची मोजणारी टेप.
भरली सतरा वेळा,
आणि वर एक बाही.

बहात्तर फ्लॅट. एकावन्न सह्या.
कुणी म्हणालं, भाव वाढतील, थांबा.
कुणी म्हणालं, भाव पडतील, लवकर करा.
कुणी दाराच्या जाळीतूनच म्हणालं, आम्ही भाडेकरू.

संपत खुटवडांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला.
असा वाचणारा तो एकटाच.
अठरा वर्षं हायवेच्या पंपावर रात्रपाळी,
त्याचे शर्ट दोरीवर घरच्या कपड्यांपासून लांब वाळतात.
म्हणाला, मॅडम, स्फोट पहिला लिहू नका.
स्फोट कधीतरी होतो, कधी होतही नाही.
वास लिहा. वास रोज होतो.
टँकर पहाटे येतो, ते लिहा.
आंघोळ केल्याशिवाय लेक जवळ येत नाही,
हे मात्र लिहू नका.

मी पेन पुढे केलं.
त्यानं ते घेतलं, टोपण लावलं, परत दिलं.
सही नको, मॅडम.
ह्या पंपावर मीच नाव दिलंय.
चालत जाता येईल.

हरकत ना...
माझ्या तोंडून एवढंच आलं,
आणि ते वाक्य अजून
तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात अडकलेलं आहे.

कलेक्टर कचेरीच्या वाटेवर
स्कूटर रिझर्व्हला आली.
स्वारगेटच्या अलीकडे रांगेत उभी राहिले.
पंपाला खेटून एक जुनी इमारत,
दुसऱ्या मजल्यावर दोरीला बाळाची झबली,
खिडकी बंद, फटींना वर्तमानपत्र डकवलेलं.
ह्यांनी कुणाची टेप आणली असेल?
किती, मॅडम? मुलानं विचारलं.
दोनशेचं, म्हटलं.
शून्य बघा, तो म्हणाला.
मी शून्य बघितलं.

खिडकीतला कारकून:
हरकत की सूचना? दोन्हीची टेबलं वेगळी.
हरकत.
अंतर?
सतरा टेपा आणि एक बाही.
त्यानं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली,
माझ्या बाहीकडे पाहिलं,
आणि लिहिलं: अंदाजे सव्वीस मीटर.
शिक्का जरा तिरका बसला.

उत्तर अजून आलेलं नाही.
खडूच्या खुणा भिंतीवर आहेत,
मुलांनी त्यांतल्या तिघींना डोळे काढलेत.
खुटवड रात्री नऊला निघतो,
डबा हँडलला, इस्त्रीचा शर्ट,
खुणांच्या कडेकडेनं चौकापर्यंत.
मी गॅलरीत दिसले तर हात करतो.
मीही करते.