अर्ध्या डोक्याची पुडी

घणसोली गावात माझी खोली वरच्या मजल्यावर,
खाली बेबीताई मढवी, तिचे सुके बोंबील, आणि दर मंगळवारी
तिचं उजवं डोकं.
माझं डावं. दोघींची मिळून एक सबंध अर्धशिशी,
असं ती म्हणायची आणि हसताना एक डोळा मिटायची.

पुडी तिनंच दिली. दिघ्याच्या पुलाखाली बसतो एकजण,
पाटी नाही, नाव नाही,
वर्तमानपत्राच्या चौकोनात खाकी भुकटी.
"सुंठ, वेखंड नि डोंगरातली एक मुळी.
झाडपाला हाय गो, त्याचा कसला अपाय?"
कोमट पाण्यात चिमूटभर.
वीस मिनिटांत खिडकीतला उजेड
पुन्हा नुसता उजेड झाला.

मी रबाळ्याच्या लॅबमध्ये भुकट्याच तपासते. दिवसभर.
इतरांच्या.
स्वतःच्या पर्समधली तपासायला मला चार महिने लागले.

जेवणाच्या सुट्टीत यंत्र मोकळं होतं.
कागदावर सुंठ उमटली, बुटक्या टेकड्यांची ओळखीची ओळ.
मागून वेखंड, अंग चोरून.
आणि मग जिथं कुठलंच झाड उभं राहत नाही
तिथं एक सरळ सुळका:
डायक्लोफेनॅक.
कुणीतरी खलबत्त्यात गोळ्या कुटल्या होत्या.
डोंगरातून काहीच आलं नव्हतं.

डबा तसाच राहिला.
बेबीताईचे पाय आठवले,
घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहायचा,
आणि ती म्हणायची, उभं राहून राहून.
ब्लडप्रेशरची गोळी सकाळी, पुडी संध्याकाळी,
त्या दोघींची ओळख
कुणीच करून दिली नव्हती.

घरी येऊन तिला कागद दाखवला.
तिनं तो उलटा धरला, मग सुलटा.
"म्हंजे मुळी खोटी?"
"मुळी नाहीच."
"पण डोकं तर उतरायचं गो."
उतरायचं. तेच तर.

उद्या वाशीला, किडनीसाठी रक्त द्यायला.
डॉक्टर विचारतील, दुसरं काही घेता का?
"नाय सांगणार व्हते," ती म्हणाली,
"झाडपाला काय सांगाचा."

पुडी मी फेकली नाही. डबीत घातली,
चिकटपट्टीवर तारीख लिहिली, आणि जे सापडलं ते.
जिन्यातला बल्ब गेलाय. डाव्या कानामागे
काहीतरी हळूहळू बैठक मारतंय.
मी कठड्याला धरून
एकेक पायरी वर जाते.