कानाची खूण

टेबलावर दोन फोन. मध्ये कॉफीचा मग,
मगात चीजचे तुकडे, भिजून मऊ होत आलेले.
बाहेर उणे चौतीस.
दुपारी दोनलाच अंधारलंय,
आणि राव्दनाला आज ठरवायचंच आहे,
कारण सिमकार्ड एकच
आणि हेआइका उद्या पहाटे दक्षिणेला निघतो.

पहिला लेकीने धाडलेला, रोवानिएमीहून.
नदीवरच्या काळ्या बर्फासारखा. सांधा नाही, स्क्रू नाही,
नख रोवायला फट नाही.
आभाळातला हिरवा उजेड तो असा टिपतो
की राव्दना म्हणते, एवढा हिरवा नव्हता गं.
बँक त्याला बघताच दार उघडते.

दुसरा भाच्याचा. जाडजूड, पाठीला सहा स्क्रू.
आत काय चाललंय
ते वाचता येईल त्याने वाचावं, अशा घडणीचा.
हेआइका वाचतो. राव्दनाला येत नाही,
पण वाचणारा घरातला आहे.
बोलता बोलता मधेच आवाज जातो, फोटो धुरकट येतात,
आणि काल बँक म्हणाली:
हे उपकरण विश्वासार्ह नाही.

"कोण, मी?"
"तू नाही मावशी, फोन."
"चाळीस वर्षं खातं आहे माझं तिथं."
हेआइकाने कॉफी ढवळली. ढवळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

खरं तर फेब्रुवारीतच कळायला हवं होतं.
पठारावर स्नोमोबाइल बंद पडली,
आणि लेकीच्या फोनने
साठ टक्के दाखवत दाखवत डोळे मिटले.
हेआइकाने आपल्या फोनची पाठ उघडली, बॅटरी काढली,
काखेत धरून शंभरपर्यंत आकडे मोजले.
काखेतला कळसा त्या दिवशी
गावाला वळसा न घालता सरळ गावात पोचला.
तासाभरात लोक आले.

पण एका बॅटरीवरून माणूस ठरवत नाही काही.
बिलं असतात. लेकीचं मन असतं.
इवालोच्या बँकेत जायचं म्हणजे अख्खा दिवस बसमध्ये.

मग तिला जूनमधलं कुंपण आठवतं,
रात्र नसलेली रात्र, डास, घामेजलेले हात,
गुडघ्यांत दाबलेलं पाडस आणि सुरी.
डाव्या कानाला दोन खाचा, उजव्याला टोक उडवलेलं.
नऊ वर्षांची असल्यापासून तिची ही खूण.
कुणीही वाचावी, पार नदीपल्याडच्याने वाचावी,
वहीत छापलेली आहे, लपवलेली नाही.
खूण उघडी आहे
म्हणून तर जनावर मोकळं सोडता येतं.

हे ती बोलली नाही. बोलली ते एवढंच,
"आईचं निघेल का यातून?"

आई तिच्यावर एक लुओहती आळवायची, शब्द जवळजवळ नसलेली.
इथली रीत अशी की लुओहती
रचणाऱ्याची नसतेच,
ज्याच्यावर रचली त्याची ती होते.
एक्केचाळीस सेकंद. पहिल्या फोनात आहेत.
ज्या अ‍ॅपमध्ये होते ते अ‍ॅप कंपनीने मिटवलं;
नाव दिसतं, तारीख दिसते, दाबलं की
पांढरी चौकट आणि दिलगिरी.

हेआइकाने संध्याकाळभर खटपट केली.
शेवटी हात वर केले.
"घर तुझं आहे मावशी, कुलूप त्यांचं आहे."

राव्दनाने सुरीच्या टोकाने सिमकार्ड काढलं
आणि सहा स्क्रूवाल्याच्या पोटात सरकवलं.
मागून म्हणाली, "बँकेत मी बसने जाईन."
लेकीला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

पहिला फोन खणात आहे, लोकरी मोज्यात गुंडाळून.
दर रविवारी ती तो बाहेर काढते, चार्ज करते,
चौकट येऊन जाईपर्यंत बघते,
आणि परत मोज्यात घालते.