खुराडं

जुन्या जॉबकार्डाच्या कोऱ्या पाठीवर
पहिली रेघ ओढली, तेव्हा आक्काताई
भाकरी थापता थापता म्हणाली,
"पिल्लं हैत का पिस्टन?
इतकं काय मोजतासा?"

एकतीस वर्षं उद्यमनगरात
लाकडाचे पॅटर्न केले मी.
ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं,
म्हणून लाकूड आधीच सूतभर मोठं ठेवायचं,
एवढं एक बोटांना पाठ आहे.
पिल्लांचं उलटं.
आज ओंजळीत चार मावतील,
आषाढापर्यंत एकेक कोंबडा
काखेत धरायचा म्हटला तरी आवरणार नाही.
आकसायचं किती सोडायचं ते मला कळतं,
वाढायचं किती सोडू?

आधी ऊब.
फ्रिजचं खोकं दस्तगीरनं दिलं,
बल्बसाठी मात्र अख्खी लक्ष्मीपुरी पालथी घातली.
साठचा पिवळा बल्ब आता कुणी ठेवत नाही.
नवे दिवे उजेड देतात, शेकत नाहीत.
शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदारानं
फळीमागून दोन काढले,
फुंकर मारून धूळ उडवली,
पैसे एकाचेच घेतले.

खाली भाताचं तूस, त्यावर गोणपाट.
पेपर नको, गुळगुळीत कागदावर
पिल्लांचे पाय फाकतात, दस्तगीर म्हणाला.
पाण्याच्या ताटलीत नदीतले खडे,
नाहीतर वाटीभर पाण्यातही बुडतात.
आणि कोपरे नकोत.
थंडी वाजली की सगळी कोपऱ्यात घुसतात,
खालची गुदमरतात.
हे मला त्यानं सांगायची गरज नव्हती.
कास्टिंगलाही कोपरा सोसत नाही,
तडा तिथंच जातो.
पुठ्ठा वाकवून चारी कोपरे गोल केले.

मग बाहेरचं खुराडं.
कोंबडीची जाळी म्हणून विकतात
ती कोंबडीला आत ठेवते,
मुंगसाला बाहेर ठेवत नाही.
अर्ध्या इंचाची वेल्डमेश घेतली.
दाराला कडी, कडीला खिट्टी,
खालून घूस पोखरते म्हणून फरशीचे तुकडे.

राहिली पायांची उंची.
पेन्सिल तिथंच थांबली.

आमच्या आंबेवाडीत
भिंतीवर पाण्याची रेघ आहे, खिडकीच्या वर.
दोनदा चुना दिला, परत उमटते.
त्या साली दस्तगीरच्या अकरा कोंबड्या
पत्र्यावर चढून बसल्या होत्या.
बोटीतल्या पोरांनी आधी माणसं घेतली.
बरोबरच होतं.
दस्तगीर वळून बघत होता,
बोट वळणाआड गेली तरी.
नंतर कोंबड्यांचं
त्यानं काही काढलं नाही, आम्ही विचारलं नाही.

एवढे उंच पाय कुठल्या खुराड्याला असतात?

मग पाय खोडले,
दोन्ही बाजूंना कड्या काढल्या,
कड्यांतून जाईल असा बांबू.
"पुढं मी, मागं तू," दस्तगीर म्हणाला,
आणि लगेच, "कंबर कशी हाय तुझी?"
अंगणातल्या सिमेंटच्या पोत्यावर करून बघितलं.
पन्नास किलो, फाटकापर्यंत.
फाटकाशी दोघंही खाली बसलो.
पोरगं चाकणला, त्याचा सांगलीला.
तेव्हा माप ठरलं.
कोंबड्या किती वाढतील यावरून नव्हे,
दोन म्हातारे किती उचलतील त्यावरून.
पंचवीस पिल्लं खोडून बारा लिहिली.
आक्काताईनं वाचलं,
"रश्श्याला कुठली उरतील मग?" म्हणाली,
पण पेन्सिल मागितली नाही.

काल बारा आली.
माघाची थंडी. रात्री लाईट गेली
तेव्हा तिनं गरम पाण्याची बाटली
माझ्याच मफलरीत गुंडाळून खोक्यात ठेवली.
दोनला लाईट आली.
पिल्लं बल्बापासून लांब पळून
पुठ्ठ्याला चिकटून बसलेली, चोची उघड्या.
मी थर्मामीटर शोधत होतो.
तिनं हात आत घातला,
तव्यावर धरतात तसा पालथा,
थोडा वेळ ठेवला.
"वर घ्या जरा," म्हणाली,
"चार बोटं."