तुला ऐकू येतं ते

भट्टीत आता मला वाकता येत नाही.
मध्ये तू येतंस.
त्सियालाने, माझ्या सासूने, हातातला लांब आकडा काढून घेतला
आणि मला गल्ल्यावर बसवलं:
होडीच्या आकाराचे गरम पाव कागदात गुंडाळायचे,
सुटे पैसे मोजायचे.
कुताइसीतली सकाळची गिऱ्हाइकं मला बोटं दाखवतात.
तीन. पाच. एकच, पण खरपूस.
इतक्या वर्षांत त्यांना एवढं आलंय.

तू मात्र सातव्याच महिन्यात
त्यांच्याहून जास्त बोलतंस.
टाच, बरगडीखाली, दोनदा.
मग कोपर, सरकत सरकत,
पिठाच्या गोळ्यावरून अंगठा फिरावा तसं.
मग बराच वेळ काहीच नाही, आणि मी
नाणं हातात तसंच धरून उभी.
समोरचा माणूस ओठ हलवतोय. हलवू दे.

शाळेत बाई आम्हाला आमच्याच हातांवर बसवायच्या.
ओठ वाचा म्हणायच्या, हात ही काय भाषा आहे?
तळव्यांना बाकाच्या फटींचे वळ पडायचे.
तुला तिथं कुणी हातांवर बसवत नाही.
अंधारात, माझ्या कातडीच्या आतल्या बाजूने,
लिही काय लिहायचं ते.

मंगळवारी डॉक्टरबाईंनी गार, चिकट काहीतरी फासून
पोटावर यंत्र टेकवलं.
मी यंत्राकडे नाही, बेसोच्या तोंडाकडे पाहत होते.
त्याला ऐकू येतं.
त्याच्या तोंडावर असं काही सांडलेलं
मी लग्नातही पाहिलं नव्हतं.
कसं आहे, मी विचारलं.
त्याने मूठ मिटली, उघडली, मिटली, फार भरभर.
घोडा, म्हणाला. चिखलातून पळणारा घोडा.
मग माझा हात उचलून त्या डब्याच्या जाळीवर ठेवला.

मुठीत धरलेली माशी. तेवढंच.
तरी मी हात काढला नाही.
डॉक्टरबाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं.

त्सियाला रोज संध्याकाळी देवापुढे उभी राहते.
मूल ऐकणारं होऊ दे, म्हणते.
तिला वाटतं, मेणबत्तीच्या उजेडात
ओठ वाचता येत नाहीत.
राग आला. आला, खोटं कशाला बोलू?
मग तिनेच केलेली आंबट आलुच्यांची चटणी
पावाशिवाय, चमच्याने, अर्धी बरणी खाल्ली.
डोहाळे रुसवेफुगवे जाणत नाहीत.

मी काय मागू?
रात्री एक मागते, सकाळी दुसरंच.
ऐकणारं झालंस तर एक दिवस
शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारेल
आणि माझ्याशी बोलता बोलता तू मान वळवशील,
मला न कळलेल्या कशाकडे तरी.
न ऐकणारं झालंस तर...
ते बाक मला अजून आठवतं.

निघताना डॉक्टरबाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलं:
आवाज आता आत पोचतात. जवळचा सगळ्यात जास्त.
आईच्या काळजाचा.
रिओनीच्या पुलावर मी कठडा धरून थांबले.
बेसोला वाटलं, कळ आली.

चौतीस वर्षं ते माझ्यात वाजतंय
आणि मी एकदाही ऐकलेलं नाही.
बेसो कान लावून झोपतो कधीकधी,
विचारलं तर म्हणतो, ठक ठक.
त्याला शब्द सुचत नाहीत.
तू तर त्याच्याच पायथ्याशी घर केलंस.
तुला माहीत असेल,
मी जिना चढताना ते काय म्हणतं,
मी खोटं बोलते तेव्हा काय.

आणि ऐकू येत नसेल
तर भिंत हलत असेलच तुझी.
भट्टीचं झाकण आपटलं की
माझ्या पायांना कळतं, तसं.
तेही पुरे. त्याच्यावर मी इतकी वर्षं काढली.

बाहेर आलंस की सांग, कसं आहे ते.
घाई नाही.
बोटांनी सांग, डोळ्यांनी, कशानेही.

आता पुन्हा टाच. दोनदा.
थांब जरा,
आत कुणाचा तरी पाव करपतोय.
ते सगळ्यांच्या आधी मला कळतं.