चोरासाठीचं पाकीट

धैर्यशील मोंतेरेहून परत आला
तेव्हा त्याच्याकडे दोन पाकिटं होती.
एक खरं, पँटच्या आत शिवून घेतलेल्या खिशात.
दुसरं मागे, सहज हाताला लागेल असं. ते चोराचं.

चोराला रिकाम्या हातानं पाठवू नये, चिडतो,
असं कंपनीनं तिथं पहिल्याच दिवशी सांगितलेलं.
थोडे पेसो ठेवावेत, एखादं मुदत संपलेलं कार्ड.
घरच्यांचा फोटो अजिबात नको.

तीन वर्षं त्याची संध्याकाळ म्हणजे माझी पहाट.
इथं साडेपाच वाजता त्याची शिफ्ट सुटायची,
सहाला "पोचलो", एवढाच मेसेज.
कधी सहा वीस व्हायचे.
दूध उतू जाऊन गॅस विझलेला
आणि मी बर्नरकडे बघत उभी.

आता तो इथं आहे, शिरोलीच्या फौंड्रीत.
एक दिवस तावडे हॉटेलवरनं जातो,
दुसऱ्या दिवशी कसबा बावड्यातनं, शियेकडून,
काही काम नसताना.
सिग्नलला पुढच्या गाडीची मागची चाकं दिसतील
एवढं अंतर ठेवतो. त्या जागेत तीन मोटारसायकली शिरतात.
पेरूवाल्यानं काच वाजवली की अंग चोरतो.
मिसळीला गेलो तर भिंतीकडे पाठ, दाराकडे तोंड,
कट गार होईपर्यंत डोळे दारावरच.

आपला रस्ता कुणाला सांगू नये, हा एक नियम.
पण हे कोल्हापूर.
कोपऱ्यावर ज्ञानूमामा: "कुठं चाललाईस?"
"इथंच."
"इथंच म्हंजे कुठं? कशाला? जेवलाईस का?"
तिथल्या लुटारूंनीही एवढी चौकशी केली नसेल.

जूनमध्ये त्यानं ऊर्जिताला समोर बसवलं.
सोळाची आहे, राजारामपुरीत क्लास, घरी यायला साडेआठ.
वहीत नियम लिहून आणलेले, आकडे घालून.
तिसऱ्याच नियमाला ती म्हणाली, बाबा, हे येतं मला.
रोज एकाच बोळातनं यायचं नाही.
फोन कानाला लावायचा, पलीकडे कुणी नसलं तरी,
आणि मोठ्यानं म्हणायचं, हो दादा, दिसलास, आलेच.
तिला दादा नाही.
किल्ली बोटांच्या मधे, टोक बाहेर.
रिक्षाचा नंबर आधी आईला, मग बसायचं.

कुणी शिकवलं, त्यानं विचारलं.
तिनं माझ्याकडे बघितलं.
मी भाकरी उलटत होते.
मला कुणी शिकवलं ते काही आठवेना.
कुठल्या कंपनीनं मला पाठवलं नव्हतं,
मी जन्मलेच मंगळवार पेठेत.

वही मिटली.
पुष्कळ वेळानं, भांडी घासून झाल्यावर,
मागचं पाकीट त्यानं ओट्यावर ठेवलं
आणि तीन वर्षं दाबून ठेवलेलं सांगितलं.
एकदा झालं होतं. पहिल्याच वर्षी, बसस्टॉपवर.
पोरगंच होतं. हातात चाकू, आणि हातच थरथरत.
पेसो घेतले, कार्ड घेतलं, मग आतला फोटो बघून थांबलं.
घरच्यांचा नको म्हणून यानं म्हशीचा ठेवलेला,
गंगावेशीत धारोष्ण दूध देणाऱ्या आप्पांची म्हैस,
शिंगांना लाल रंग, गळ्यात कवड्या.
पोरानं काहीतरी विचारलं. याला भाषा येत नव्हती.
"कोल्हापूर," एवढंच सुचलं.
चाकू काखेत मारून पोरानं फोटो परत दिला,
दोन्ही हातांनी,
आणि पळालं.

मी हसले. मग हसता येईना.

फोटो आता ऊर्जिताच्या मोबाईलमध्ये आहे.
क्लासवरनं आली की ती "पोचले" लिहीत नाही,
जिन्याखालून म्हैस पाठवते.
साडेआठ होऊन गेले की आम्ही दोघं काही बोलत नाही.
तो दाराकडे तोंड करून बसतो.
आज आठ सत्तेचाळीस.
अजून म्हैस आली नाही.