गोमुखाचे तापमान

वर्षातून चार वेळा मी कळमझिऱ्याला जातो.
जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर.
सरकारी जीप चोपड्यापर्यंत,
पुढे कोणाच्या तरी मोटरसायकलवर,
मांडीत बादली, खिशात थर्मामीटर.

महादेवाचं देऊळ चुन्याशिवाय रचलेलं,
त्याच्या डाव्या कुशीला कुंड,
कुंडावर दगडी गायीचं तोंड, एक शिंग गेलेलं.
बाजूला शिळा, तिच्यावर चंद्र-सूर्य,
खाली सहा ओळी, शेंदराने बुजलेल्या.
शाळेतले गुरुजी म्हणतात, एक अक्षर नक्की 'प' आहे.
पाणी, पुण्य, पाप, पाटील,
पुढचं गावाने आपापल्या सोयीने वाचून ठेवलंय.

माझं काम साधं.
वीस लिटरची बादली गोमुखाखाली धरायची,
घड्याळ दाबायचं.
आधीच्या साहेबांच्या वहीत अडतीस सेकंद.
मी पहिल्यांदा आलो तेव्हा दोन मिनिटं.
मग पाच. मग मी बादली टेकवून
पायरीवर शेवेची पुडी उघडायला लागलो.

चामखिळी घेऊन माणसं येतात,
खरूज झालेली पोरं येतात.
मूठभर खडेमीठ कुंडात सोडतात:
हे विरेल तसं ते विरू दे.
माझ्या मीटरवर क्षार चढतात.
ऑफिसात विचारतात, एवढे कुठून?
मी लिहितो, 'स्थानिक कारण.'

केवळबाई गुरव पहाटे कुंड झाडते.
पहिल्या वर्षी म्हणाली,
"काय मोजी राहिना रे भाऊ?"
"पाणी, मावशी."
"देवनं पानी मोजतस का कव्हय?
मोजानंच व्हई ते मनी म्हैसनं दूध मोज."

झऱ्याचं पाणी बारा महिने सत्तावीस अंश.
पौषात उबदार लागतं, वैशाखात गार.
लोक चमत्कार म्हणतात.
मला कारण माहीत आहे,
तरी पौषात दोन्ही हात
जरा जास्त वेळ आत ठेवतो.

यंदा आखाजीच्या आठवड्यात
उतारावर केळी हिरव्यागार,
एकेक बोअर सातशे फूट,
आणि बादली तीन मिनिटांत भरली.
पुन्हा धरली. तीन मिनिटं, चार सेकंद.
वर्षं उलटी फिरली की काय, हसू आलं.
मग थर्मामीटर बुडवला.
चौतीस.

देवळाच्या मागे गेलो.
दगडी पन्हळ जिथे सुरू होते तिथे
निळा ड्रम, उन्हात तापलेला.
ठिबकची काळी नळी ड्रमातून
गायीच्या कानामागे सरकवलेली,
जोडावर सायकलच्या ट्यूबची चिंधी.
ड्रममध्ये येणारी दुसरी नळी
सुपडूच्या केळीतून.
सुपडू तिचा धाकटा.
सगळ्यांत खोल बोअर त्याचा.

केवळबाई ड्रमाला पाठ लावून उभी,
एवढा मोठा ड्रम लुगड्याने झाकता येईल अशी.
"कधीपासून?"
"होळीपाईन."
मग बऱ्याच वेळाने:
"पोरे येतस ना भाऊ, मीठ लिसन.
कोल्ड्या कुंडमा कशे टाकतीन?"

खाली कोणी तरी आलं होतं.
डोंगरातून उतरलेला एक पावरा बाप,
खांद्यावर पोर, पोराच्या मानेपर्यंत फोड.
पोराने धारेखाली हात धरला,
गरम लागला म्हणून ओढला,
परत धरला.

"बंद करू का?" केवळबाई म्हणाली.
"तुनं खरं ते मोजी ले."
आणि तिने चिंधी सोडून नळी उपसली.

धार बारीक झाली. दोरा झाली.
मग तुटली.
आम्ही सगळे त्या दगडी ओठाकडे बघत राहिलो,
मी, ती, बाप, खांद्यावरचं पोर.
बराच वेळ.
मग एक थेंब आला,
मी त्याला थर्मामीटरच्या टोकावर घेतलं,
दुसरा, तिसरा,
पारा उतरायला वेळ लागला.
सत्तावीस.

घड्याळ चालू होतं.
बादलीचा तळ अजून सगळा ओलाही नव्हता,
आणि बापाच्या मुठीतलं मीठ
घामाने विरायला लागलं होतं.

"लावा परत," मी म्हणालो,
आणि बादली बाजूला घेतली.