मुका खांब

कपाटाच्या वरच्या फळीवर, डांबरगोळीच्या वासात
तो असतो: क्रोशाचा वीतभर रुमाल,
कडेला अकरा पाकळ्या.
बारावी झाली नाही. दोरा संपला म्हणे.

शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात बाबा सोळा महिने होते.
कॉट नंबर सव्वीस, मोरेश्वर पडते, फिटर.
सकाळी सुई, संध्याकाळी सुई, रात्रभर खोकला.
सत्तावीसवर इब्राहिम परकार, दाभोळचा, बोटीवरचा खलाशी.
त्याने छत्रीची काडी जिन्याच्या दगडावर घासून घासून
तिला आकडा काढला आणि म्हणाला,
"मोरूभाऊ, हात रिकामे राहिले की माणूस दिवस मोजत बसतो.
हे घ्या. टाके मोजा."

फिटरची बोटं ती. आधी दोराच तुटायचा.
मग जमलं: साखळी, खांब, जोडखांब,
आणि काही न उभारता नुसतंच पुढे सरकायचं असेल
तर मुका खांब.
हे नाव बाबांना फार आवडलेलं.
कारखान्यात असलं काही नव्हतं,
तिथे बारकासा खिळासुद्धा बोंबलायचा.

आठव्या फेरीत एक जागा आहे.
नक्षी नीट चाललेली असते, दोन खांब, साखळी, दोन खांब,
आणि मध्येच सलग नऊ मुके खांब,
एकमेकांना खेटलेले, इतके घट्ट
की टाचणीचं टोक शिरणार नाही.
मग पुन्हा दोन खांब, साखळी. जसं काही झालंच नाही.

विचारलं की बाबा म्हणायचे, मोजायला चुकलो.
फक्त एकदा, माझ्या लग्नाच्या याद्या करताना,
कोणी न विचारता म्हणाले,
"सत्तावीसवरची गादी त्या रात्री गुंडाळली."
आणि खाली मान घालून पुन्हा पत्रावळींचा हिशोब.

आईने रुमाल घरात घेतला नव्हता.
लालबागच्या खोलीबाहेर, गॅलरीत, स्टोव्हवर
सोड्याच्या पाण्यात दिवसभर उकळला. दुसऱ्या दिवशी परत.
बाबांनाही उकळता आलं असतं तर तिने सोडलं नसतं.
रुमाल आटला.
केला होता रेडिओसाठी, रेडिओला पुरेना.
गजराच्या घड्याळाला मोठा, देवाच्या पाटाला तोकडा,
फोन आला तेव्हा रिसीव्हर उचलला की जमिनीवर.
आमच्या घरात तो जन्मभर
कशावरच नीट बसला नाही.
आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत सापडला, अगदी तळाला,
नव्या कोऱ्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेला.

खोली विकली तेव्हा वाटण्या झाल्या.
भावाला शिलाई मशीन हवं होतं, मला पितळी डबा.
रुमालाचं नाव कोणीच काढलं नाही.
मी तो पर्सच्या आतल्या कप्प्यात घातला, काडीसकट.
चोरीच म्हणा.

आता भांडुप, सातवा मजला.
स्वरदा दिवसभर लॅपटॉपपुढे, बोटं बधिर होतात तिची.
डॉक्टर म्हणाले, हातांना दुसरं काहीतरी द्या.
मी छत्रीची काडी दिली.
ती रुमाल गुडघ्यावर पसरते, टाके मोजते,
वहीत पेन्सिलने चौकटी भरते.
आठव्या फेरीशी थांबली.
"आई, इथे नऊ का?"

मी मेथी निवडत होते.
सांगावं, की मोजायला चुकले म्हणावं?
"घाल," म्हटलं. "नऊच घाल."

तिने घातले.
तिचे घट्ट झाले नाहीत. सैल, विरळ,
मधून समोरच्या इमारतीचे दिवे दिसतील इतके.
"जमलं नाही ना? उसवू?"
राहू दे, म्हटलं.
असेच सैल राहोत, हे मात्र मुक्यानेच.
आणि निवडलेली मेथी
पुन्हा निवडायला घेतली.